मावळा पाहिजे, मुघल चालेल

मला एक मावळा हवा आहे. उंची अर्धी वीत, अंग काटक, हातात धोप म्हणजे सरळ पात्याची तलवार, आणि अंगावर रंगाचा ठिपकाही नसलेला. रंग मी देणार. ‘त्यात काय एवढं, दिवाळीत पायलीचे पन्नास मिळतात,’ असं आमच्या घरातलं एकमत आहे. मिळतात, पण मातीचे. त्यांचे गाल कुंभारवाड्यातच गुलाबी होतात, आणि हात कापून वर करायला जावं तर खांद्यासकट छाती हातात येते. मला तर कापाकापीच करायची आहे. त्यासाठी सुट्या भागांचं, रेझिन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचं किट लागतं. ते परदेशात बनतं, आणि तिथल्या कंपन्यांच्या याद्या चाळल्या की वाटतं, जगात नेपोलियन आणि दुसरं महायुद्ध सोडून कुणी कधी लढलंच नाही. म्हणजे आयता मावळा नाहीच; दुसऱ्याच कुणा सैनिकाला कापून-जोडून तो करायचा.

त्यात मापाचा घोळ. १/३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शात, पाच फूट आठ इंचांचा माणूस बरोबर ५४ मिलिमीटर भरतो. या हिशेबाने १/१६ चा माणूस १०८ व्हायला हवा. पण बाजारात १/१६ म्हणून येतो तो बहुतेकदा १२० मिलिमीटरचा. गुणाकार करून बघा, सहा फूट साडेतीन इंच! त्यातही कुणी टाळूपर्यंत मोजतं, कुणी डोळ्यांपर्यंत. लहानपणी आमच्या किल्ल्यावर महाराज महादरवाजापेक्षा उंच होते आणि गवळणीशेजारी तिच्याएवढाच वाघ बसायचा. कुणाचं काही अडलं नाही.

मग छोटंच का घेत नाही? कारण माझा चष्मा. पण मोठ्या मापाचीही एक खोड आहे. ५४ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी गडद रेघ ओढली की भागतं. १२० चा चेहरा डोळ्यातलं पांढरं, बुबूळ, सगळं मागतो, आणि दोन्ही बाहुल्या एकाच दिशेला लागतात. नाहीतर मावळा एका डोळ्याने गनिमाकडे बघतो आणि दुसऱ्याने रसदेकडे.

फिगर निवडताना पाडकामाचा वाडा विकत घेणाऱ्याची नजर हवी. रंगरंगोटी बघायची नाही, तुळया बघायच्या. डोकं, हात, पागोटं, शस्त्र सगळं बदलता येतं, पण कंबर आणि खांद्यांचा पीळ शिल्पकाराने जसा दिला तसाच राहतो. म्हणून फ्रेंच ग्रेनेडियर, म्हणजे नेपोलियनचा निवडक पायदळी शिपाई, पहिल्या फेरीत बाद. तो सावधानमध्ये उभा असतो, आणि मावळा सावधानमध्ये कशाला उभा राहील? मग मामलुक दिसला. इजिप्तच्या मोहिमेनंतर नेपोलियनने आपल्या शाही गार्डात हे स्वार ठेवले होते. पागोटं, कमरेला शेला, ऐटीत वळलेली मान. जीव गुंतला. पण त्याच्या विजारीत आमच्या तीन मावळ्यांच्या सुरवारी निघाल्या असत्या. एवढं रेझिन घासायचं तर धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावून, पाण्याखाली धरून घासावं लागतं. म्हणजे न्हाणीघर अडवून. सकाळी साडेसातला आमच्या घरात न्हाणीघर अडवणाऱ्याचं काय होतं, ते सांगत नाही.

घोडेस्वाराचा विचार मी फार केला नाही. युरोपातला लष्करी घोडा म्हणजे चालती भिंत, आणि मला हवं भीमथडीचं तट्टू. पाय कापून आखूड करावेत तर गुडघे कुठे ठेवायचे?

फिरून फिरून नजर मुघलावर आली. जामा, शेला, ढाल, जोडे सगळं जागच्या जागी, आणि पवित्रा असा की आत्ता वार करील. अडचण जाम्याच्या बंदांची. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुसलमान ते उजव्या बगलेत बांधत, हिंदू डाव्या. म्हणजे एका बाजूचे खरवडायचे आणि दुसऱ्या बाजूला पुट्टीचे नवे लावायचे. तलवार वाकडी आहे, पण रेझिन गरम पाण्यात नरमतं. बुडवायची, सरळ करायची, गार पाण्यात धरायची. झाली धोप.

फोनवरचं चित्र बाबांना दाखवलं.

“हा कोण?”

“मावळा होणार आहे.”

“आत्ता कोण आहे?”

“मुघल.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “औरंगजेबाचा?”

“रेझिनचा, बाबा.”

“बंद बदलूनच घरात आण म्हणावं.”

आईचा आक्षेप इतिहासावर नव्हता, गरम पाण्यावर होता. ज्या पातेल्यात तलवार बुडेल त्यात पुन्हा चहा होणार नाही, आणि पातेलं मी माझ्या पैशाने आणायचं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातच गाठलं. “पागोटं १६७० चं करणार की १७६० चं?” प्रश्न दुर्दैवाने रास्त होता. महाराजांच्या मावळ्याला पेशवाई पगडी घातली तर पुण्यात राहणं अवघड.

अखेर मुघल आला. साबणाच्या पाण्यात आंघोळ झाली, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मावळ्यासाठी गलमिशांचं डोकं वेगळं मागवलं होतं, तेही चपखल बसलं. फक्त मुघलाचं मूळचं डोकं उरलंय. दाढीचा केस न् केस असा कोरलाय की टाकवत नाही. त्याला शोभेलसं धड शोधतोय. त्या मामलुकाचं बसेल असं वाटतं.