कादंबरीवर बोल म्हटलं की मुलं फक्त गोष्टच का सांगतात?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आवडलेल्या कादंबरीवर तीन मिनिटं बोलायला सांगा. अडीच मिनिटं गोष्ट येते आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात 'यातून आपल्याला शिकवण मिळते की...'. यात मुलांचा दोष नाही. धड्याखालचे प्रश्न सोडवत मोठं झालेलं मूल कादंबरीचंही तात्पर्यच काढणार. मला विचाराल तर सुधारायला हवा तो आपला प्रश्न. 'काय आहे या पुस्तकात?' याऐवजी 'तू यात कुठे थांबलास?' असं विचारून बघा. कुठे हसलास, कुठे पान उलटून मागे गेलास, कुठे कंटाळून चार पानं सोडलीस. यांची उत्तरं मलपृष्ठावर छापलेली नसतात.

पण आयत्या वेळी 'कुठे' आठवत नाही. त्यामुळे तयारी वाचतानाच व्हायला हवी. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीचं बारीक टिंब पुरे, वाचनालयाचं असेल तर कागदाच्या पट्ट्या. सोबत एका कोऱ्या कागदावर पान क्रमांक आणि तीन-चार शब्द, बस्स. अख्ख्या कादंबरीत दहा-बारा खुणा पुष्कळ झाल्या. चाळीस व्हायला लागल्या की मूल वाचत नाही, खुणा करतंय असं समजा. पुस्तक संपल्यावर दोन दिवस जाऊ द्यायचे आणि मग खुणा पुन्हा पाहायच्या. निम्म्या खुणा का केल्या हेच आठवणार नाही. त्या सोडून द्यायच्या. ज्या अजूनही खुपतात त्यांतल्या एक-दोन घेऊन बोलायचं.

गोष्टीला अर्धं मिनिट. कोणाची, कुठली, कधीची आणि अडचण काय, चार वाक्यांत. मग निवडलेल्या जागेच्या सहा ते आठ ओळी पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचायच्या. ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. ऐकणाऱ्याला भाषेची चव फक्त इथे मिळते, आणि नेटवरून किंवा एआयकडून सारांश उचलून आणलेला असेल तर तोही इथेच उघडा पडतो, वेगळी झडती घ्यावी लागत नाही. उरलेला वेळ त्या ओळींवर. लेखकाने तिथे काय केलं? वाक्यं तुटक झाली का? संवादच ठेवून बाकी सगळं गाळलं का? कोणती गोष्ट सांगायचीच टाळली?

'हृदयस्पर्शी', 'ओघवती', 'खिळवून ठेवणारी' हे शब्द काही दिवस बंद ठेवायला हरकत नाही. 'बनगरवाडी'बद्दल 'लेखकाने धनगरांचं जीवन सुंदर रेखाटलं आहे' हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं. 'मास्तर वाडीत नवखा असतो, म्हणून त्याच्याबरोबर आपल्यालाही माणसं हळूहळू ओळखीची होतात' हे वाक्य वाचल्याशिवाय सुचत नाही.

मुलांशी सगळ्यात जास्त रंगू शकतो आणि सगळ्यात कमी केला जातो तो विषय म्हणजे गोष्ट कोण सांगतंय. 'ययाति' (१९५९) घ्या. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. मूल म्हणतं, 'देवयानी फार गर्विष्ठ आहे.' यावर लगेच विचारायचं, हे तुला कोणाच्या भागात कळलं? तिच्या स्वतःच्या भागात तेच वागणं कसं दिसतं? 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) तर कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही बोलतात. यांतल्या कोणावर तुझा विश्वास कमी बसला, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो. 'शाळा'चा निवेदक मुकुंद नववीत आहे आणि काळ आणीबाणीचा. त्याच वयाच्या वाचकाला सगळं 'सेम आमच्यासारखं' वाटतं आणि चर्चा तिथेच संपते. तेव्हा विचारावं, मुकुंदाला न कळलेलं तुला कुठे कळलं? आणि 'कोसला' (१९६३) वाचणारे मोठेसुद्धा त्यातला 'मी' पांडुरंग सांगवीकर म्हणजेच लेखक भालचंद्र नेमाडे असं धरून बोलतात, तिथे मुलांचं काय घेऊन बसायचं! 'मी' म्हणणारा माणूस लेखकाने रचलेला असतो, हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रत्येक कादंबरी वेगळी वाचली जाते.

शेवट फोडण्यावरून मुलांमध्ये हमखास भांडणं होतात. सोपा नियम म्हणजे पहिल्या एक तृतीयांश भागापलीकडचं काही सांगायचं नाही. रहस्यकथेत तर पहिल्या खुनापाशी थांबायचं. पुढे फक्त एवढंच सांगायचं की उकलीसाठी लागणारे धागे लेखकाने आधी प्रामाणिकपणे दिले होते की शेवटी खिशातून काढले. (कर्णाचं काय होतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे 'मृत्युंजय'ला हा नियम लावू नये.)

गट आठ-दहा जणांचा असावा. दहा जणांची तीन-तीन मिनिटं आणि प्रत्येकामागे दोन मिनिटं प्रश्न धरले तर पन्नास मिनिटं होतात. त्यापुढे कोणी ऐकत नाही. मोठ्यांनी शेवटी बोलावं. पहिल्याच मुलाला 'वा, किती छान!' म्हटलं की पुढचे सगळे त्याच्याच चालीवर बोलतात. उच्चार मध्येच सुधारू नयेत. आणि कृपा करून स्पर्धा ठेवू नका. बक्षीस आलं की मुलं आवडलेलं पुस्तक बाजूला ठेवतात आणि परीक्षकांना आवडेल असं जाडजूड पुस्तक उचलतात. भुताची, प्रेमाची, जादूची, कुठलीही कादंबरी चालली पाहिजे. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव घ्यायची सवय मात्र लावाच. मूल जी वाक्यं वाचून दाखवतंय ती अनुवादकाच्या हातची असतात.

अर्धवट सोडलेल्या कादंबरीवरही बोलू द्यावं. अट एकच, कितव्या पानावर सोडली आणि त्या पानावर काय होतं ते सांगायचं. 'बोअर झालं' हे कारण धरायचं नाही. 'तीन प्रकरणं वर्णनच चाललं होतं आणि कोणालाच काही हवं नव्हतं' हे कारण मात्र पक्कं धरावं. ही टीका मुलाला स्वतःच्या डोक्याने सुचलेली असते.

बोलून झाल्यावर तेच दीडशे-दोनशे शब्दांत लिहून घ्यावं, आधी नाही. आधी लिहिलं की पाठांतर होतं. सुरुवात लेखकाच्या जन्मगावापासून नको, थेट त्या जागेपासून असावी. आणि लिहून झालं की शेवटचं वाक्य खोडून बघायला सांगा. 'प्रत्येकाने एकदा तरी वाचावी अशी ही कादंबरी आहे' बहुतेक तिथेच बसलेलं असतं.