परांचीचे पैसे कुणी कापले?

दिवाळी उरकली की मुंबई-ठाण्यातल्या जुन्या इमारतींवर परांच्या, म्हणजे कामगारांना उभं राहायला बांधलेले बांबूंचे सांगाडे, चढायला लागतात. गळती, प्लास्टर, रंगकाम. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे, त्यामुळे ही कामं वाढतच जाणार. मग कुठूनतरी बातमी येते, अमुक मजल्यावरून रंगारी पडला. मुकादमावर गुन्हा दाखल होतो, चार दिवस काम थांबतं, पुन्हा सुरू.

माझ्या मते याची सुरुवात आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येच होते. कोटेशनं येतात, आपण सगळ्यात खालचा आकडा उचलतो. रंग कुठल्या कंपनीचा, वॉरंटी किती वर्षांची, यावर तासभर भांडतो. परांचीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. रंगात पाणी घातलं तर आपण ओरडू हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो परांचीच्या फळ्या कमी करतो.

जरा खिडकीतून बघा. माणूस आडव्या बांबूवर उभा असतो, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश. पायाखाली सलग फळी नाही, कठडा नाही. बांबू बांधलेला काथ्या उन्हापावसाने पिचलेला. बेल्ट दिलाच, तर त्याचा हुक परांचीच्याच बांबूत अडकवलेला. बांबू निसटला की बेल्टसकट माणूस खाली. हुक हवा तो गच्चीवर भक्कम ठिकाणी बांधलेल्या वेगळ्या दोराला, म्हणजे लाइफलाइनला.

आणि उंची फार लागत नाही हो. दुसऱ्या मजल्यावरून पायांवर पडलेल्या माणसाच्या टाचेबरोबर कमरेचा मणकाही मोडलेला असू शकतो. लोक घाबरून त्याला उचलतात आणि रिक्षात कोंबतात. कृपा करून तसं करू नका. जागचं हलवू नका, 108 ला फोन लावा.

1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर कामगारांसाठी उपकर आला, राज्यात कल्याणकारी मंडळही आहे. पण तिथे नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरून आज इथे, उद्या तिथे जाणाऱ्या बिगाऱ्याला तो कुठला ठेकेदार देणार?

यंदा आमच्याकडे रंगकाम निघालंय. मी कमिटीला लेखी दिलंय: परांची, फळ्या, जाळी, लाइफलाइन आणि कामगारांचा विमा यांचे दर कोटेशनमध्ये वेगळे दाखवा, आणि त्यात घासाघीस नको. फ्लॅटमागे थोडे पैसे वाढतील. मी द्यायला तयार आहे. त्या पत्राचा मसुदा कुणाला आपल्या सोसायटीसाठी हवा असेल तर सांगा, पाठवतो.