‘नुसती बडबड’ म्हणालात म्हणून

निनावी साहेब (की बाई? नाव टाकलेलं नाही तुम्ही),

कमेंट वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ‘ओपेरा प्रिमा’ या स्पॅनिश पिक्चरचं मी उगाच कौतुक केलं, त्यात काही घडतच नाही, दीड तास नुसती बडबड, हिरो चुलतबहिणीच्या मागे लागतो हे किळसवाणं, आणि १९८० च्या स्पेनमध्ये एवढी उलथापालथ चालू असताना या पोरांना फ्लॅटवर गप्पा ठोकायला सुचतंच कसं.

आधी बहिणीचं मिटवू. ‘चुलत’ कुठून काढलंत? स्पॅनिशमध्ये प्रिमा एवढा एकच शब्द, मामे आते मावस चुलत सगळ्या एकाच पोत्यात. मी स्पॅनिश शिकत होतो तेव्हा हा शब्द आला त्या दिवशी अख्खा वर्ग ‘पण कुठली बहीण?’ करत बसलेला आणि स्पेनहून आलेल्या मॅडमना कळेचना की या लोकांना प्रॉब्लेम काय आहे. तिकडे प्रिमाशी लग्न कायद्याने चालतं, चर्चमध्ये करायचं तर खास परवानगी काढावी लागते. आणि नाकं आपण कुठल्या तोंडाने मुरडायची, आपल्याकडे कित्येक घरांत मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्कच धरतात की.

शिवाय ही बहीण टायटलच्या कोटीसाठी लागतेच. ओपेरा प्रिमा म्हणजे एखाद्याची पहिली कलाकृती (फर्नांदो ट्रुएबाची ही पहिलीच फुल लेंग्थ फिल्म, वय २५), आणि ओपेरा हे माद्रिदचं मेट्रो स्टेशनही, हिरो मातियासला ही बहीण, विओलेता, भेटते ती तिथल्याच चौकात, म्हणजे झाली ‘ओपेराची बहीण’. चौकाचं सरकारी नाव इसाबेल दुसरी राणीचं, पण सगळे ओपेराच म्हणतात. गंमत म्हणजे तेव्हा तिथे ऑपेरा (गाण्यातली नाटकं) होतच नव्हते! समोरचं थिएटर १९२५ ला बंद पडलं ते ऑपेरासाठी परत उघडलं थेट १९९७ ला, मधे तिथे मैफली व्हायच्या आणि त्याच बिल्डिंगमध्ये संगीताचं कॉलेज होतं, त्यामुळे विओलेतासारखी व्हायोलिन शिकणारी पोरगी त्या चौकात दिसणं एकदम फिट बसतं.

आता बडबड. अहो, तिथला हुकूमशहा फ्रँको गेला १९७५ ला, सिनेमाची सेन्सॉरशिप उठली १९७७ ला. म्हणजे ही पोरं पंचविशीत आली तेव्हा पडद्यावर मोकळं बोलायला मिळून जेमतेम तीन वर्षं झालेली. मग ती बोलणारच ना, सेक्सवर, पोरींवर, स्वतःच्या भित्रेपणावर, तोंडाला येईल ते. फर्नांदो कोलोमो प्रोड्यूसर, मातियास झालेला ओस्कार लादोइरे स्क्रिप्टमध्ये सहलेखक, सगळा दोस्तांचा कारभार, पैसे कमी आणि रस्ते घराजवळचे. ‘माद्रिदी कॉमेडी’ म्हणतात ती हीच. त्यात कोणी भाषण ठोकत नाही हेच मला आवडलं.

आणि उलथापालथ हवी होती ना तुम्हाला? मातियास बायकोपासून वेगळा राहतो, एक मुलगा आहे. घटस्फोट का नाही घेतलेला? कारण तिथे तसा कायदाच नव्हता, तो आला १९८१ ला. पिक्चर यावर थांबून काही समजावत बसत नाही. पण हा बाबा नवीन संसार मांडायला निघालाय आणि कागदोपत्री जुना तसाच गळ्यात, हे तिकडच्या प्रेक्षकाला न सांगता कळत होतं.

एक गोष्ट मात्र कबूल. दुसऱ्यांदा बघताना मलाही मातियासचा वैताग आला. कोणाचा हेवा, कोणावर संशय, सगळ्यावर याची कॉमेंट्री तयार, आणि विओलेताला काय वाटतं ते आपल्याला याच्याच नजरेतून बघावं लागतं. तिच्या बाजूने हाच पिक्चर केला असता तर कदाचित कॉमेडी झाला नसता. तुम्ही हा मुद्दा काढला असता तर मी गुपचूप मान डोलावली असती, पण तुम्ही अडकलात चुलत-मावसमध्ये.

पुढच्या वेळी नाव टाका, भांडायला बरं पडतं.