लेन्स आत घालण्याचा विधी

रोलाय ३५ हा छोटा, जुना फिल्म कॅमेरा हातात धरलेला माणूस लांबून पाहिला, तर तो फोटो काढतोय की बंद घराचं कुलूप उघडतोय हे कळत नाही. फोटो काढून झाला असेल, तर बहुधा तो कुलूप लावतोय. या कॅमेऱ्यात फोटो काढणं त्यातल्या त्यात सोपं. खरी परीक्षा कॅमेरा मिटवताना.

लेन्स बाहेर ओढायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायची, अडकली की झालं. एवढं कोणालाही जमतं. आत घालताना मात्र क्रम आहे आणि तो चुकलेला चालत नाही. आधी फिल्म एक घर पुढे सरकवायची, म्हणजे शटर (फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारा पडदा) ताणलं जातं. मग वरचं छोटं बटण दाबून धरायचं, लेन्स उलटी फिरवायची आणि अलगद ढकलायची. फिल्म सरकवायची राहिली, तर लेन्स पाहुण्यांच्या हट्टी पोरासारखी बाहेरच उभी राहते. तिथं जोर लावू नका. जोर लावणाऱ्यांचे कॅमेरे नंतर ‘शोपीस म्हणून उत्तम’ या वर्णनासह विकायला येतात.

हा छळ उगाच नाही. या शटरचे दोन भाग केलेत: पाती लेन्सच्या नळीत आणि वेग सांभाळणारी दातेरी चक्रं बॉडीत. नळी आत गेली की दोघांची ताटातूट होते, बाहेर आली की गाठ पडते. ही गाठ नेमकी पडावी म्हणून शटर ताणलेलं असावं लागतं.

ही करामत हाइन्त्स वास्के या जर्मन अभियंत्याची. १९६० च्या दशकात लहान कॅमेरा म्हटला की अर्ध्या फ्रेमचा, १८ बाय २४ मिलिमीटरचा. वास्केला त्याच आकारात पुरी २४ बाय ३६ ची फ्रेम बसवायची होती. तो होता वीसबाडेनच्या विर्गिन कंपनीत, आणि तिथं मालकच कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळत होते. मग तो ब्राउनश्वाइगला रोलायमध्ये गेला, आणि १९६६ च्या कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात हा कॅमेरा लोकांपुढे आला. साधारण ९७ बाय ६० बाय ३२ मिलिमीटर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाहून थोडा मोठा.

आता दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचा संसार मांडला, की पिठाचा डबा पलंगाखाली जातो आणि पलंगाखालची पेटी माळ्यावर. इथं तेच झालंय. फिल्म सरकवायचा खटका डावीकडे, त्यामुळे डावखुऱ्यांना एकदाचा न्याय मिळाला आणि बाकी जगाचा अंगठा वर्षभर हवेत चाचपडतो. फोटो मोजणारा आकडा तळाला. रोल उलटा गुंडाळायची मूठ तळाला. फ्लॅशची जागासुद्धा तळाला! फ्लॅश तसाच लावून फोटो काढलात, तर प्रकाश खालून येतो आणि सगळं कुटुंब हनुवटीखाली टॉर्च धरून भुताची गोष्ट सांगत असल्यासारखं दिसतं. उपाय म्हणजे कॅमेरा उलटा धरायचा. फोटो सरळच येतो, पण समोरचे लोक शटर पडेपर्यंत तुम्हाला ‘अहो, उलटा धरलाय’ हेच सांगत राहतात, आणि सगळ्यांची तोंडं उघडी येतात.

आणि फोकस? तो डोळ्यांनी होत नाही, अंदाजानं होतो. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, स्वच्छ, मोठा आणि फोकसच्या बाबतीत ठार अडाणी. अंतर मनात मोजायचं आणि लेन्सवरच्या आकड्यावर लावायचं. सर्वांत जवळचा आकडा ०.९ मीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला हा आकडा विचित्र वाटेल, पण हा आपला जुना वार. नाकापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत कापड मोजायची रीत असे, तेवढंच अंतर. सहावारी साडी उलगडली की साडेपाच मीटरच्या आसपास. घरात कोणाला साडी मोजता येत असेल, तर अर्धा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, घरातच आहे.

उजेड असेल तर अंदाज चुकला तरी भागतं. लेन्सचं भोक म्हणजे ॲपर्चर, आणि एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. एफ ८ ला ३ मीटरवर फोकस ठेवला, तर साधारण २.१ पासून ५.४ मीटरपर्यंत सगळं धारदार येतं. एफ १६ ला फोकस साडेतीन मीटरच्या जवळपास ठेवला, तर पावणेदोन मीटरपासून थेट डोंगरापर्यंत. संध्याकाळी मात्र ही लेन्स सूड उगवते. एफ ३.५ आणि ०.९ मीटर, म्हणजे धारदार पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. नाक स्पष्ट आणि कान धुक्यात, किंवा दोन्ही धुक्यात आणि मागची खिडकी स्पष्ट.

म्हणूनच टेसार लेन्स घ्यावी की सोनार, या वादात माझं मत टेसारच्या बाजूनं. चार भिंगांची ही रचना झाइसनं १९०२ सालीच काढली, आणि ४० मिलिमीटर एफ ३.५ च्या या छोट्या अवतारात ती एफ ८ ला केस मोजता येतील असे फोटो देते. ३५ एस मॉडेलची सोनार पाच भिंगांची, एफ २.८ ची. उघड्या ॲपर्चरला ती सरस हे मान्य. पण एफ २.८ ला दीड मीटरवर धारदार पट्टा पाऊण फुटाचा, आणि आपला अंदाज चुकतो एका फुटानं. सोनारचा जास्तीचा पैसा रोलांवर खर्च करावा. बी ३५ या मॉडेलची ट्रायोटार तीन भिंगांची, कडांना जरा मऊ; स्वस्तात मिळाली तर नाक मुरडू नये. कॅमेरा जर्मनीत बनलेला की सिंगापुरात हा वाद कपाटात कॅमेरे ठेवणाऱ्यांचा आहे, फोटो काढणाऱ्यांनी त्यात पडू नये. विकत घेताना अर्ध्या सेकंदाचं शटर मात्र ऐकून बघा. ते अडखळलं तर आतलं वंगण घट्ट झालंय, आणि साफसफाईचा खर्च किमतीतून वळता करायला हवा.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले. तो सेल आता मिळत नाही. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला, तर काटा उत्साहात जास्त उजेड दाखवतो आणि निगेटिव्ह फिकट, सावल्या गायब. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा, म्हणजे जवळचा नातेवाईक. तो अंगानं बारीक, म्हणून भोवती रबरी कडं घालावं लागतं. चिकटपट्टी काढली की तो हवा खायला लागतो आणि वापरा न वापरा, काही महिन्यांत आटोपतो. मीटरला बंद करायचं बटण नाही. कॅमेरा अंधारात गेला की तो झोपतो. म्हणून कातडी केस हवीच.

आणि हा सेल बसतो कुठं? आत, फिल्मच्या घरात. रोल अर्ध्यावर असताना सेल संपला तर काही करता येत नाही, उन्हात एफ १६ आणि २०० आयएसओच्या फिल्मला १/२५० सेकंद असं तोंडी गणित करत राहायचं. छत्तिसावा फोटो झाला की खटका पुढे जात नाही, शटर ताणलं जात नाही, आणि म्हणून लेन्सही आत जात नाही. आधी आर खुणेची कळ फिरवून तळाच्या मुठीनं रोल गुंडाळायचा, मग खटका ओढायचा, मग बटण, मग लेन्स. त्यानंतर तळाची किल्ली फिरवली की पाठ आणि तळ एकसंध खाली सरकून हातात येतात, आणि ते ठेवायला तिसरा हात नसल्यामुळे काखेत जातात. नवी फिल्म अडकवून दोन घरं सरकवा. तळाची मूठ सोबत फिरली तरच फिल्म पकडली गेली, नाहीतर छत्तीस फोटो हवेत.

पण थांबा, पाठ अजून काखेतच असू द्या. फिल्म घालण्याआधी सेल बदला.