जबरदस्तीला माफी, भीतीला शिव्या

बीएल, म्हणजे 'बॉइज लव्ह', सिरीज पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, आणि मोजके का होईना पण असलेल्या मित्रांनो, आज लांबलचक लिहिते आहे. खूप दिवसांचं साचलेलं आहे, वेळ काढून वाचा.

दोन मुलांच्या प्रेमाच्या या थाई, जपानी, कोरियन मालिका मी जेवढ्या आवडीने पाहते तेवढ्याच आवडीने त्यांच्याखाली लोक काय लिहितात ते वाचते. एपिसोड संपला की आधी खाली जाते. कोण रडलं, कोण चिडलं, कोणाला कोण रेड फ्लॅग वाटला, कोणाला कोणाची कीव आली. आणि हे वाचून वाचून एक गोष्ट मला आता सहन होत नाही. जो नायक समोरच्याच्या मर्जीविरुद्ध त्याच्या अंगाला हात लावतो, त्याला आपण प्रेक्षक दोन-तीन एपिसोडांत माफ करून टाकतो. आणि जो घाबरतो, गप्प राहतो, आईसमोर हातातला हात सोडून देतो, त्याला शेवटपर्यंत 'भित्रा', 'स्वार्थी', 'याची लायकीच नाही' असं ऐकवत राहतो.

उदाहरणं देते, म्हणजे मी हवेत बोलते आहे असं वाटायला नको.

2019 ची 'थार्नटाइप'. टाइपला लहानपणी एका पुरुषाने त्रास दिलेला, म्हणून त्याच्या मनात पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांबद्दल तिरस्कार भरलेला. त्याचा रूममेट थार्न. टाइप दारू पिऊन झोपलेला असताना हा थार्न त्याच्याशी जे वागतो त्याला साध्या मराठीत काय म्हणतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलाचं बालपण अशाच प्रकारामुळे नासलं, त्याच्याच बाबतीत परत तेच. आणि खाली काय? 'थार्न किती समजूतदार', 'असा बॉयफ्रेंड मला का मिळत नाही'. हो, पुढे तो खरंच समजूतदार होतो. पण म्हणून आधीचं पुसलं जातं का?

मग 2022 ची 'किनपोर्श'. माफियाच्या घरातला किन आणि त्याचा बॉडीगार्ड पोर्श. चौथ्या एपिसोडमध्ये पोर्शला गुंगीचं औषध दिलं गेलेलं आहे, त्याला धड भान नाही, आणि किन त्या अवस्थेत त्याच्याजवळ जातो. त्या आठवड्यात वाद झाला, नाही असं नाही. काहींनी फार नीट लिहिलं होतं. पण पुढचे एपिसोड आले, जंगल आलं, हळवी गाणी आली आणि वाद विरला. त्याच मालिकेतला व्हेगास पीटला कोंडून ठेवतो, छळतो, आणि तीच जोडी कित्येकांची सगळ्यात लाडकी. कारण व्हेगासला त्याच्या बापाने वाईट वागवलं होतं. बिचारा.

माझी हरकत दाखवण्याला नाही. गोष्टीत वाईट माणसं असणार, चांगली माणसंही वाईट वागणार. ती दोघंही नट उत्तम आहेत आणि व्हेगास-पीटचे प्रसंग मीही श्वास रोखून पाहिले आहेत. माझी हरकत आपल्या मापाला आहे. व्हेगासला बालपणाची सवलत मिळते, तर मग तेहला का नाही?

'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' ज्यांनी पाहिली त्यांना तेह माहीत आहे. 2020 च्या शेवटी आलेली, पाच एपिसोडांची, फुकेतमधली गोष्ट. तेह आणि ओह-एव, लहानपणचे दोस्त, मग भांडण, मग कॉलेजप्रवेशाच्या तयारीत परत एकत्र. तेह ओह-एवला चायनीज शिकवतो आणि शिकवता शिकवता त्याच्यात गुंतत जातो. आणि मग घाबरतो. इतका घाबरतो की ज्याच्यावर जीव आहे त्यालाच दूर ढकलतो, टार्न नावाच्या मुलीला मधे लटकवून ठेवतो. चुकतो तो, वारंवार चुकतो. पण हा अठराएक वर्षांचा मुलगा आहे, आई कष्टाने पोरं वाढवते आहे, आपल्या आत काय चाललंय हे त्याचं त्यालाच कळत नाहीये. त्याला लोकांनी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मी किनला दिलेल्या वाचल्या नाहीत. पुढे हाच तेह स्वतःची कॉलेजची सीट सोडतो, का तर त्याच्या खालोखाल नंबर असलेल्या ओह-एवला ती मिळावी. तेव्हाही खाली लिहिलेलं होतं, 'आता काय उपयोग'.

आता मी हे कुठून बोलते आहे ते सांगते.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जिल्हा वर्धा. इथं हे वेड कसं आलं असं बाहेरच्यांना वाटतं. सोपं आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद, हिंगणघाटची एसटी बंद, आणि '2गेदर' ही थाई बीएल मालिका यूट्यूबवर फुकट, एका एपिसोडचे चार तुकडे, खाली इंग्रजी सबटायटल. दिवसाच्या दीड जीबीत आरामात बसायची. एकीने पाहिली, तिने दुसरीला पाठवली. आज आमच्या ओळखीत आर्वीपासून वणीपर्यंत मुली आहेत ज्या या मालिका पाहतात, घरात आवाज कमी करून, हेडफोन लावून. लग्न होऊन गेल्या तरी पाहतात.

आणि इथं राहून पाहिलं की भित्र्या नायकांचं भ्यालेपण वेगळं दिसतं.

याचा सगळ्यात स्पष्ट अनुभव मला 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स'ने दिला. 2021 ची दहा एपिसोडांची मालिका. बँकॉकच्या बड्या घरचा तियान, त्याला हृदय बदलून मिळालेलं. ते हृदय डोंगरातल्या एका खेड्यात शिकवणाऱ्या तोरफुन नावाच्या मुलीचं. तिची डायरी वाचून तो त्याच खेड्यात शिकवायला जातो. तिथं भेटतो फुफा, जंगलखात्याच्या जवानांचा प्रमुख. शिस्तीचा, कमी बोलणारा. इतका कमी बोलणारा की लोक वैतागले. 'हा दगड आहे', 'तियानने याला सोडून द्यावं', 'एक वाक्य बोलायला याचं काय जातं'. मलाही पहिल्यांदा राग आला होता.

मी ती दुसऱ्यांदा पाहत होती तेव्हा मोठी आई शेजारी बसून तुरीच्या शेंगांतले सोले काढत होती. थंडीचे दिवस, अंगणात ऊन. फोन मी दोघींना दिसेल असा तांब्याला टेकवून ठेवला होता आणि सबटायटल वाचून तिला मराठीत सांगत होती. त्यात एक भाग आहे, गावकरी चहाची पानं विकतात आणि हिशेबात त्यांची लूट होते, ते तियानच्या लक्षात येतं. मोठी आईचे हात थांबले. "पाय बरं, तिकडंबी काट्यातच मारते," म्हणाली. आमच्याकडे कापूस घ्यायला गाडी येते, काटा व्यापाऱ्याचा, क्विंटलमागं किलो-दोन किलो असेच जातात आणि कोणी बोलत नाही, कारण पुढच्या खेपेला त्यालाच द्यायचा असतो. त्या एका प्रसंगाने ते डोंगरातलं गाव तिच्यासाठी ओळखीचं झालं. त्यानंतर ती उठलीच नाही.

मग फुफा गप्प राहण्याचे प्रसंग आले. मी म्हटलं, मोठी आई, याचा राग येते मले, मनात आहे तर बोलत काहून नाही. ती मान वर न करता म्हणाली, "बोलून जाईन कुठं तो? त्या पोराले गाडीत बसून शयरात जाता येते. याले तं याच गावात राहा लागते."

दोघांमधलं नातं काय आहे हे तिला कळलं होतं. मी वेगळं काही सांगितलं नव्हतं. "जीव लागला हाय दोघायचा," एवढंच ती म्हणाली, आणि पुढचा एपिसोड लाव म्हणाली.

मी इतक्या प्रतिक्रिया वाचल्या आहेत, इंग्रजीतल्या, हिंदीतल्या, भाषांतर करून थाईतल्याही. पण फुफाबद्दल याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. गावात ज्याच्या शब्दावर माणसं चालतात, जंगलतोड करणाऱ्यांशी ज्याचं वैर आहे, ज्याला उद्या सकाळी त्याच रस्त्याने, त्याच लोकांसमोरून जायचं आहे, त्याचं तोंड बंद असण्यात त्याचं प्रेम कमी पडत नाही. तियान जाणार आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तियान शिकायला परदेशी जातो तेव्हा फुफा अडवत नाही, आणि त्यावरही लोक चिडले. अडवायला हवं होतं का? आपलं सुख टिकावं म्हणून त्याला डोंगरात डांबून ठेवलं असतं तर? व्हेगासला आवडलं असतं ते.

आमच्या भागात तिशी ओलांडलेली, शेती करणारी, बिनलग्नाची पोरं गावोगाव आहेत. मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे, वावर किती का असेना, कास्तकाराला मुलगी द्यायची कोणाची तयारी नाही. आत्या-मावश्या बायोडाटा फिरवतात, सोयरीक जुळत नाही. त्यामुळे बिनलग्नाच्या पोराबद्दल आता गावात कोणी वेडंवाकडं बोलत नाही, हळहळतात. मला नेहमी वाटतं, या हळहळीच्या आडोशाला असेही काही जण उभे असतील ज्यांना मुलगी भेटायलाच नको होती. ते कोण, हे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. पण 'मनात आहे तर बोलून टाक, जगाला घाबरतोस कशाला' असं आपण फुफाखाली लिहितो तेव्हा त्यांच्यापैकी कोणी ते वाचत असेल. त्याच्याकडेही स्मार्टफोन आहे. त्याने काय समजायचं? की मी प्रेम करण्याच्या लायकीचाच नाही?

आता 'बॅड बडी'. यावर माझं आणि माझ्या वर्ध्याच्या मैत्रिणीचं कित्येकदा भांडण झालं आहे. पॅट आणि प्रान, शेजारी-शेजारी घरं, दोन्ही घरांचं जुनं वैर, मुलांनी लहानपणापासून एकमेकांना हरवायचं एवढंच शिकलेलं. पाचव्या एपिसोडच्या शेवटचं गच्चीवरचं चुंबन ज्याने पाहिलं नाही त्याने आधी ते पाहून यावं, मग पुढचं वाचावं. भांडण त्यावर नाही, शेवटावर आहे. दोघं पळून समुद्रकिनारी जातात आणि परत येतात. घरी सांगतात की आमचं संपलं. काही वर्षांनी कळतं की संपलेलं नव्हतंच, लपून चालू आहे. प्रान सिंगापूरला नोकरी करतो, सुट्टीत येतो, आणि घरच्यांनाही सगळं कळलं असावं पण कळू न दिल्यासारखं चाललं आहे असं वाटत राहतं. यावर प्रेक्षकांत उभी फूट पडली. अर्ध्यांनी म्हटलं, हा काय शेवट, लढायला हवं होतं, आई-बापाला ठणकावून सांगायला हवं होतं, सरळ लग्न करायला हवं होतं.

लग्न? शेवटचा एपिसोड आला 2022 च्या जानेवारीत. थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क मिळाला 23 जानेवारी 2025 ला, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी. ज्या देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता तिथल्या दोन पोरांकडून आपण नोंदणीची अपेक्षा करत होतो. आणि आपण स्वतः कुठं उभे आहोत? 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने असं प्रेम हा गुन्हा नाही म्हणून सांगितलं, तो दिवस मोठाच होता. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. इथं बसून प्रानला भित्रा म्हणताना जीभ जड व्हायला पाहिजे.

मला तो शेवट खरा वाटला. आई तोडायची नाही आणि पॅटही सोडायचा नाही, दोन्ही सांभाळायचं, त्यासाठी वर्षानुवर्षं वागण्या-बोलण्यात सावध राहायचं. याला मेहनत लागते. एकदा ओरडून घराबाहेर पडण्यापेक्षा ते सोपं आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे जातीबाहेर प्रेम करणाऱ्या मुलींनी हेच केलेलं मी पाहिलं आहे. वर्षं-वर्षं घरात काही न कळू देता निभावलं, वेळ आल्यावर पाऊल टाकलं. त्यांना कोणी भित्री म्हटलेलं मला चाललं नसतं.

मैत्रिणीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी प्रामाणिकपणे इथं मांडते, कारण त्यात जीव आहे. ती म्हणते, घरात जे मिळत नाही तेच पाहायला मी या मालिकांकडे जाते. लपणं, जपून बोलणं, आवाज कमी ठेवणं हे माझ्या आयुष्यात रोजचं आहे, पडद्यावर तरी कोणीतरी मोठ्याने बोलावं. मी तिला म्हटलं, तसा शेवट मागायचा तुला पूर्ण हक्क आहे, मलाही तो पाहायचाच आहे. मग लेखकाकडे माग, चॅनेलकडे माग. प्रानला शिव्या कशाला? आणि एवढीच ताठ अपेक्षा असेल तर ती थार्नकडून का ठेवली नाहीस, ज्याने फक्त एक साधी गोष्ट करायची होती, झोपलेल्या माणसापासून हात लांब ठेवायचे होते? यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, थार्नचं मी मान्य करते, प्रानचं नाही. सध्या आम्ही तिथं आहोत.

तुमचं काय म्हणणं आहे ते खाली लिहा, मोकळेपणाने लिहा, विरोधात असेल तरी. फक्त आईवडिलांसमोर हात सोडणाऱ्याला आणि गुंगीतल्या माणसाचा फायदा घेणाऱ्याला एकाच पारड्यात टाकू नका, तिथं मी वाद घालणारच.

टार्नबद्दल, आणि एकूणच या मालिकांतल्या मुलींना प्रेक्षक जी वागणूक देतात त्याबद्दल, वेगळी पोस्ट लिहायची आहे. त्या पोरीने काहीही केलेलं नसताना तिला 'मधे येणारी' म्हणून जे ऐकवलं गेलं ते वाचून मला त्या रात्री झोप आली नव्हती. 'बॅड बडी'तल्या पा आणि इंक या मुलींवरही त्यातच लिहीन.