माझ्या फोटोवरून पार्किंग ठरवू नका

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, आत्या तुझा वुल्फ ट्रॅपचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकलाय, चालेल ना. टाकून झाल्यावर विचारतात ही मुलं. वुल्फ ट्रॅप म्हणजे इथे अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळचं खुलं थिएटर. फोटो जूनमधला, पार्किंगच्या गवतावर आमची गाडी, डिकी उघडी, मी कूलर बाहेर काढतेय आणि मागे नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या. तर झालंय असं की पुण्यात त्यांच्या भागात एका मोकळ्या जागेवर खुला रंगमंच करायचं घाटतंय म्हणे, झाडं, हिरवळ, गाणं, नाटक, लहान मुलांसाठी वेगळा छोटा मंच, असा सगळा बेत आहे, आणि त्यावरून ग्रुपवर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो की पाच हजार माणसं येणार तर दोन हजार गाड्यांची सोय आधी दाखवा, मग रंगमंचाचं बोला. दुसरा म्हणतो पार्किंग अजिबात नको, ज्याला आवड आहे तो चालत येईल. माझा फोटो पहिल्या तटाने उचलला आणि खाली लिहिलं, बघा अमेरिकेत कसं असतं.

मला खूप राग आला. अजून उतरलेला नाही म्हणून हे लिहितेय.

वुल्फ ट्रॅप म्हणजे कॅथरीन फिलीन शाऊस नावाच्या बाईंनी १९६६ साली सरकारला दिलेली शेतजमीन आहे. शंभर एकराच्या वर जागा, आणि प्रयोगकलांसाठी असलेलं अख्ख्या देशातलं हे एकमेव नॅशनल पार्क. तिथलं मोठं थिएटर १९७१ ला सुरू झालं, १९८२ च्या एप्रिलमध्ये जळालं, दोन सीझन तात्पुरत्या मांडवात काढले आणि १९८४ ला परत उभं केलं. छपराखालची आणि लॉनवरची मिळून सात हजारांच्या आसपास माणसं बसतात. म्हणजे जमीन मुबलक होती म्हणून गाड्या गवतावर मावल्या, गाड्या मावल्या म्हणून कार्यक्रम चालले असं नाही. शिवाय डलस टोल रोड ह्या महामार्गावरून खास वुल्फ ट्रॅपसाठी एक रॅम्प, म्हणजे उतरायचा रस्ता, आहे जो फक्त कार्यक्रमाच्या दिवशी उघडतात, मेट्रो स्टेशनवरून शटल बस आहे, अंधार पडायच्या आत गाड्यांना वाट दाखवायला हातात बॅटरीची कांडी घेऊन माणसं उभी असतात. ह्यातलं काहीच माझ्या फोटोत नाही. फोटोत मी, कूलर आणि गाड्या आहेत.

आता भाच्याच्या जागेचा हिशोब करू. ती जागा त्याच्याच म्हणण्याप्रमाणे पाच-सहा एकर. एका गाडीला उभं राहायला आणि आतबाहेर करायचा रस्ता धरून ३० चौरस मीटर तरी लागतात, म्हणजे एका एकरात फार तर १३५ गाड्या. दोन हजार गाड्यांना १५ एकर हवेत. रंगमंच, हिरवळ, झाडं सगळं काढून टाकलं आणि नुसतं डांबर ओतलं तरी निम्म्याही गाड्या मावत नाहीत. हे कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात आणि ग्रुपवर तीन आठवडे भांडण चालू आहे.

मग म्हणे बहुमजली करू. अरे पण मॉलचं पार्किंग आणि रंगमंचाचं पार्किंग ह्यात फरक असतो, मॉलमध्ये माणूस कधीही येतो कधीही जातो, इथे शेवटची टाळी वाजली की सगळेच्या सगळे एकाच वेळी गाडी चालू करतात. एका लेनमधून तासाला पाच-सहाशे गाड्या बाहेर पडल्या तरी खूप झालं. दोन लेन धरल्या तर दोन हजार गाड्यांना पावणेदोन-दोन तास, आणि तेसुद्धा बाहेरचा रस्ता मोकळा असेल तर, जो पुण्यात रात्री दहाला कुठे मोकळा असतो ते मला दाखवा. मी हे भोगलंय. एका अँफीथिएटरला (नाव कशाला घेऊ) आम्ही अकराला गाडीत बसलो आणि साडेबाराला गेटबाहेर पडलो, मुलगी मागे रडून रडून झोपली, आणि त्या संध्याकाळी काय ऐकलं ते मला आज आठवत नाही, पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे आठवतात. लॉस एंजेलिसला हॉलिवूड बोल नावाचं खुलं थिएटर आहे, तिथे तर गाड्या एकामागे एक खेटून लावतात, पुढची हलल्याशिवाय मागची निघत नाही, म्हणून शहरभरातून पार्क अँड राइडच्या, म्हणजे गाडी लांब लावून पुढे बसने जायच्या, बस सोडतात. आणि शिकागोजवळचं रॅव्हिनिया, तेही गाण्याचंच ठिकाण, ते तर १९०४ साली रेल्वेला प्रवासी मिळावेत म्हणूनच काढलेलं पार्क, आजही मेट्रा नावाची तिथली लोकल गेटसमोर थांबते. अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर हाही द्या की.

इथवर वाचून दुसरा तट खूश होईल. त्यांनाही सांगायचंय.

चालत येईल, हे लिहिणाऱ्यांचं वय पंचवीस-तीस आहे, मी प्रोफाइल बघितले. माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला गाण्याची आवड नाही असं म्हणायची हिंमत त्या ग्रुपवर कुणी करू नये, तिने आयुष्यभर स्वयंपाकघरातून आकाशवाणी ऐकलीय आणि राग ओळखायला मला तिने शिकवलंय. पण गेली काही वर्षं ती मैदानावरच्या कार्यक्रमाला जात नाही. शेवटची गेली होती तेव्हा रिक्षा गेटपर्यंत सोडत नव्हते, खडीवरून अंधारात दहा मिनिटं चालायचं, आत गेल्यावर बायकांसाठी चार तात्पुरते संडास आणि बाहेर रांग. कुठल्याही कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की ती दोनच गोष्टी विचारते, पाठ टेकायला मिळेल का आणि संडास किती लांब आहे. कोण गाणार हे नंतर. आणि जायचं ठरलंच तर दुपारी चारपासून पाणी पीत नाही. माझ्या ओळखीतल्या साठीच्या पुढच्या सगळ्या बायका हेच करतात आणि कुणी ते बोलत नाही.

२०१६ ला आई आमच्याकडे होती तेव्हा तिला वुल्फ ट्रॅपला नेलं. गाडी अपंगांसाठीच्या जागेत लावली, तिथून वाट डांबरी आणि उतार सावकाश, मध्ये दोनदा बसायला बाक मिळाला, टॉयलेट कुठे आहे ते आत शिरतानाच दिसलं. तिने ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि थोड्या वेळाने म्हणाली पाण्याची बाटली दे. कार्यक्रमाच्या आधी आई पाणी प्यायली. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात जास्त हेच लक्षात राहिलंय आणि खरं सांगते, मला त्या वेळी आनंदापेक्षा शरम जास्त वाटली, की तिला एवढ्यासाठी तेरा हजार किलोमीटर यावं लागलं.

हे आपोआप झालेलं नाही. इथे अमेरिकेत नियम आहे, १०० गाड्यांच्या पार्किंगमध्ये अपंगांसाठी ४ जागा, हजाराच्या वर गेलं की २० आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक, आणि त्यात दर सहातली एक व्हीलचेअरची व्हॅन उघडता येईल इतकी रुंद. थिएटरच्या टॉयलेटचंही तसंच, इथल्या बहुतेक राज्यांत जो बिल्डिंग कोड चालतो त्यात पुरुषांना १२५ मागे एक आणि बायकांना ६५ मागे एक असा आकडा आहे, जवळजवळ दुप्पट, कारण बायकांना वेळ जास्त लागतो हे कुणीतरी उभं राहून मोजलं. पाच हजार माणसं, निम्म्या बायका, म्हणजे ३९ संडास एकट्या बायकांचे. भाच्याच्या ग्रुपवरच्या दोनशे मेसेजमध्ये मी हा शब्द शोधला. एकदाही आलेला नाही. दोन्ही तटांत नाही.

म्हणून मी तिथे लिहिलं. जरा लांबच लिहिलं. गाड्या दीडशे-दोनशेच ठेवा, त्या म्हाताऱ्या माणसांच्या, अपंगांच्या आणि कलाकारांच्या, तबले-तानपुरे घेऊन कुणी बसने येत नाही. गेटशी रिक्षा थांबून माणूस उतरेल एवढी जागा सोडा. टू व्हीलरला वेगळी वाट द्या, पुण्यात ती नाही दिली तर त्या फुटपाथवर येणारच. बाकीच्यांसाठी जवळच्या शाळा-कॉलेजांची मैदानं संध्याकाळी मागून घ्या, आणि मेट्रो स्टेशनवरून शटल ठेवा, तिची शेवटची वेळ तिकिटावर छापा. आता तर स्वारगेटपर्यंत मेट्रो आलीय, २०२४ च्या सप्टेंबरपासून. आणि रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले सवलतीचे थोडे दिवस सोडले तर, त्याचा मला तेव्हा फार राग आला होता कारण रात्रभराच्या मैफिली त्यात गेल्या, पण बससाठी तो सोयीचाच आहे, दहाला संपलं तर माणसं बसने घरी जाऊ शकतात. अँब्युलन्सची वाट गाड्यांच्या वाटेपेक्षा वेगळी आखा. पावसाळ्यात गवतावरच्या पार्किंगचा चिखल होतो, खाली खडीचा थर लागतो, तोही आत्ताच धरा.

त्यावर एकाने लिहिलं, ताई तिकडे बसून सांगणं सोपं आहे. ते मला अपेक्षित होतं. पण मग भाच्याने वेगळा मेसेज केला, चिडून नाही, साधं विचारलं, आत्या तू इथे कधी येऊन बसणार आहेस का त्या रंगमंचावर, नसशील तर तुला एवढा त्रास का होतोय.

दोन दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही.

मी १९९८ ला पुण्याहून अमेरिकेला निघाले. त्याआधीची सगळी वर्षं डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव म्हणजे रमणबागेचं पटांगण, खाली भारतीय बैठक, अंगावर शाल, आणि तेव्हा शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची. शेवटी भीमसेनजी. संपलं की आम्ही चालत निघायचो, लक्ष्मी रोड ओलांडून सदाशिव पेठेत घरी, पंधरा-वीस मिनिटं. त्या पंधरा-वीस मिनिटांत गाणं पुन्हा व्हायचं. पुढे चाललेला कुणीतरी अनोळखी माणूस ती तान म्हणायचा, मागून कुणीतरी म्हणायचं अहो नाही, निषाद असा नव्हता, आणि मग दोघं वळून एकमेकांशी बोलायला लागायचे, आणि आम्ही मुली त्यांच्या मागे हळू चालायचो ऐकायला. दूधवाल्यांच्या सायकली निघालेल्या असायच्या. कुणाला कुणाचं नाव माहीत नसायचं. आता महोत्सव मुकुंदनगरला असतो, मी तिथे एकदाच गेलेय.

इथे अमेरिकेत कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजतात, उभं राहून वाजवतात, मनापासून वाजवतात. मग खुर्च्या मिटल्याचे आवाज. मग आपापल्या गाडीकडे. दारं लागतात, एसी सुरू होतो, आणि मी जे ऐकलं ते कुणाला सांगायचं असेल तर नवऱ्याला, आणि तो लाइट बघून गाडी काढत असतो. सत्तावीस वर्षं झाली. पार्किंगमध्ये माझ्याशी लोक चांगलं वागतात, वाट देतात, हात करतात. पण निषाद असा नव्हता असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. आणि मीही कुणाला म्हटलेलं नाही, इतक्या वर्षांत एकदाही मागे वळून मी पुढाकार घेतला नाही, हे कबूल करायला पाहिजे, सगळा दोष पार्किंगचा नाही.

त्रास का होतो तर ह्यामुळे होतो. आपल्याकडे जी चालत घरी जायची पंधरा मिनिटं होती ती काढून तिथे रॅम्प बांधायचा आणि वर माझा फोटो लावायचा. आणि आईला सोबत न्यायचं असेल तर दुसऱ्या तटाचं ऐकूनही चालत नाही. मला दोन्ही हवंय, ते दोन्ही एका नकाशात बसतं, आणि मी आकडे मांडून दाखवलेत. त्यात मी येणार की नाही ह्याने फरक पडत नाही, आई येणार आहे.

भाच्याला काल शेवटी फोन केला. म्हटलं माझा फोटो काढून टाक. तो म्हणाला काढतो, पण पुढच्या रविवारी बैठक आहे, तू जे लिहिलंस ते बोलायला कुणीतरी पाहिजे. म्हटलं तू बोल. म्हणाला मला संडासाबद्दल बोलायला कसंतरी वाटतं. मग आजीला घेऊन जा म्हटलं, तिला नाही वाटत. आणि त्या आधी जागेचा नकाशा पाठव मला, हाताने काढलेला चालेल, आणि गेटपासून संडासापर्यंत किती पावलं होतात ते आजीला बरोबर नेऊन मोज, तुझी पावलं धरू नकोस.