मंगळवाल्यांना जंतूंनी मारलं, पोर्तुगीजांना नव्हे

१९ डिसेंबर, म्हणजे गोव्याचा मुक्तिदिन, जवळ आला की गोव्यातल्या मराठी वाचकांच्या गटांत एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) ही कादंबरी म्हणजे साम्राज्यशाहीविरुद्धचा जाहीरनामा. मंगळावरून आलेले आक्रमक म्हणजे वसाहतवाले गोरे. शेवटी जंतूंनी त्यांचा निकाल लावला तो निसर्गाचा न्याय, आणि जुन्या गोव्यात, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजधानीत, रोगराईने पोर्तुगीजांचा सूड घेतला तोही तसाच. १९३८ साली हीच कथा रेडिओवर ऐकून लाखो अमेरिकन घरंदारं सोडून पळत सुटले. तेव्हा ४५१ वर्षं परकी सत्ता सोसलेल्या गोवेकरांनी हे पुस्तक वाचलंच पाहिजे.

वाचलंच पाहिजे, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच बाकीचं दुरुस्त करणं भाग आहे. या मजकुरावर विसंबून कुणी पुस्तक उघडलं, तर त्याला आत भलतंच काही सापडेल.

रेडिओचं आधी उरकतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने (हा कादंबरीकार वेल्स नव्हे) सादर केलेली श्रुतिका ऐकून काही लोक खरोखर घाबरले होते. पण लाखोंची पळापळ ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. त्या संध्याकाळच्या श्रोतृपाहणीत जेमतेम दोन टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत असल्याचं आढळलं. शिवाय श्रुतिकेतल्या घटना अमेरिकेत, न्यू जर्सीत घडतात. मूळ कादंबरीची ताकद त्यावरून जोखण्यात अर्थ नाही.

आता जाहीरनाम्याचं. हे म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग सणसणीत आहे. पहिल्याच प्रकरणात निवेदक आपल्या इंग्रज वाचकाला सुनावतो: मंगळवाल्यांना क्रूर म्हणण्याआधी आपण काय केलं ते आठवा. टास्मानियाच्या लोकांना युरोपियनांनी पन्नास वर्षांत नामशेष केलं. मंगळवाले त्याच वृत्तीने लढले, तर तक्रार करायला आपण असे कोण दयेचे पुतळे लागून गेलो? साम्राज्य ऐन भरात असताना हे लिहायला छाती लागते. ही कल्पना मूळ भावाची, फ्रँकची, असं सांगून वेल्सने पुस्तकही त्यालाच अर्पण केलं.

पण तोच परिच्छेद पुरा वाचा. तिथे टास्मानियाचे लोक येतात ते बायसन आणि डोडो यांच्या पाठोपाठ, ‘हीन वंशां’चं उदाहरण म्हणून, आणि ‘माणसासारखे दिसत असूनही’ अशी पुस्ती घेऊन. ते समूळ नाहीसे झाले हेही खरं नाही. त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत. शेवटच्या प्रकरणात तर निवेदक वेगळंच स्वप्न पाहतो: मंगळवाले शुक्रावर पोचू शकतात तर माणूस का नाही, आपली पृथ्वी जगण्याजोगी उरली नाही की इथलं जीवन तिकडे पसरेल. भविष्य कदाचित मंगळवाल्यांचंच असेल, अशी शंकाही त्याला लगेच येते. जाहीरनाम्यात अशी घालमेल नसते. मला ती लपवावीशी वाटत नाही, कारण पुस्तक तिच्यामुळेच मोठं आहे.

मंगळवाले म्हणजे वसाहतवाले, हे समीकरण लागू पडतं, पण पुरं पडत नाही. एच. जी. वेल्स इंग्लंडमधल्या वोकिंग गावी राहत होता, आणि पहिलं यान त्याने तिथल्याच हॉर्सेल कॉमनच्या माळावर उतरवलं. दुसऱ्याच्या देशात जाऊन राज्य करणाऱ्या इंग्रजांना त्यांच्याच अंगणात त्याने जितांच्या जागी उभं केलं, इथवर ठीक. पण मंगळवाल्यांचं शरीर बघा: सगळा मेंदू आणि हात, पचनसंस्था नाही, माणसाचं रक्त थेट आपल्या शिरांत घेणारे. अगदी या किळसवाण्या जागी निवेदक थांबून म्हणतो, बुद्धिमान सशाला आपलं मांसाहारी खाणं किती घाण वाटेल, तेही लक्षात ठेवा. शिवाय माणूस पुढेमागे असाच होईल असं भाकीत एका लेखकाने पूर्वीच केलं होतं, असंही तो सांगतो. तो लेखक म्हणजे वेल्स स्वतः. १८९३च्या त्याच्या एका लेखात हे आहे. म्हणजे मंगळवाले आपलंच उद्याचं रूप आहेत, आणि त्यात ‘गोरे’ तेवढे बसवून आपल्याला मोकळं होता येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत जंतूंची. कादंबरीत जंतू न्याय करायला येत नाहीत. वेल्स टी. एच. हक्सलींच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता, आणि शेवटाची तयारी त्याने पहिल्या वाक्यापासून केली आहे. मंगळवाले आपल्यावर नजर ठेवून होते, कशी? पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव माणूस सूक्ष्मदर्शकातून न्याहाळतो तशी. पुढे सहज बोलल्यासारखं सांगून जातो की मंगळावर रोगजंतू नाहीतच. मग त्यांच्याबरोबर आलेलं लाल तण, ज्याने नद्या तुंबवल्या, ते एकाएकी कुजायला लागतं. इथल्या जंतूंपुढे त्याचं काही चालत नाही. हे सगळं मंगळवाले मरण्याआधीचं. माणूस वाचला, कारण त्याच्या असंख्य पूर्वजांनी मरून ती प्रतिकारशक्ती कमावली होती. यात पापपुण्याचा हिशेब कुठेच नाही. प्रत्यक्ष इतिहासात तर उलटंही घडलं: १५२० मध्ये मेक्सिकोत देवीची साथ स्पॅनिश आक्रमकांबरोबर आली आणि मेले ते तिथलेच लोक.

आणि जुनं गोवं? तिथे साथी आल्या हे खरं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन आहे. पण पटकीने आणि तापाने पोर्तुगीज आणि इथला कष्टकरी यांच्यात निवड केली नाही. शहर ओस पडलं तेव्हा सत्ता बुडाली नाही, ती मांडवीच्या काठाने खाली सरकली: १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीत राहायला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि त्यानंतरही पोर्तुगीज शंभरावर वर्षं टिकले. त्यांना घालवायला १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा व्हावी लागली, स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली, १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहींना छातीवर गोळ्या झेलाव्या लागल्या, आणि अखेर १९६१ मध्ये भारतीय सैन्याला यावं लागलं. हे श्रेय जंतूंना देणारा मजकूर निदान मुक्तिदिनाला तरी पुढे पाठवू नका.